नियम पाहावा मागून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केली. ती जन्मली त्या काळी घराला लागायचं काय? जागा, माती, थोडं लाकूड, कवेलू, एक ओळखीचा मिस्त्री आणि गाठीला चार पैसे. आता त्यात ले-आऊट आला, नकाशा आला, मंजुरी आली, भोगवटा प्रमाणपत्र आलं. म्हणून या म्हणीला मी एक तिसरा तुकडा जोडायचं ठरवलं आहे – नियम पाहावा मागून! मागून म्हणजे नंतर नव्हे हं, मागणी करून.

घराच्या भिंती कशा असाव्यात, शाळेचा जिना किती रुंद असावा, आग लागली तर दवाखान्यातून बाहेर पडायला किती वाटा असाव्यात, हे सगळं कुठे ना कुठे लिहून ठेवलेलं आहे. त्यातलं बरंचसं बंधनकारक आहे. पण ते लिहिलेलं तुमच्या-माझ्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय? आणि पाहायचंच ठरवलं तर मिळतं का?

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. कुठलाही प्रश्न पडला की 'हे कधीपासून असं?' हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा मंडळी, आज या प्रश्नाचा इतिहास. फेरा जरा लांबचा आहे. जयपूर, कुंभकोणम, किल्लारी, पार टेक्सासपर्यंत जावं लागणार आहे. पण शेवटी आपण आपल्या सेवाग्रामलाच येऊन टेकू.

सुरुवात मात्र नागपूरकर माणसापासून करते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९५१ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी त्यांच्यासमोर हरला नावाच्या एका साध्या माणसाचं अपील आलं. प्रकरण होतं जयपूर संस्थानातल्या अफूच्या कायद्याचं. तिथला राजा अल्पवयीन असल्यामुळे कारभार मंत्रिमंडळ पाहत होतं. या मंडळाने डिसेंबर १९२३ मध्ये एक ठराव करून 'जयपूर अफू कायदा' केला. केला आणि ठेवून दिला! राजपत्रात छापला नाही, लोकांना कळेल असा कुठेही जाहीर केला नाही. पुढे कित्येक वर्षांनी याच कायद्याखाली हरलाला ५० रुपये दंड झाला.

बोस साहेबांनी निकाल दिला तो आपण घराघरात लावून ठेवावा असा आहे. त्याचा भावार्थ असा, की कायदा अंमलात येण्याआधी तो लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्ध झालाच पाहिजे. चार मंडळींनी बंद खोलीत बसून ठराव केला आणि जनतेला त्याची गंधवार्ता नाही, तर त्या ठरावाने कुणाला शिक्षा करता येणार नाही. हरला सुटला.

'कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. या नाण्याची दुसरी बाजू हरलाच्या खटल्याने दाखवली. सबब चालणार नसेल, तर कायदा कळायची सोय करणं हे राज्याचं काम आहे. ५० रुपयांच्या दंडातून केवढं मोठं तत्त्व निघालं बघा!

आता तुम्ही म्हणाल, बाई, आता तर सगळं राजपत्रात छापतात, संकेतस्थळावर टाकतात, मग अडचण कुठे? खरं आहे. आपल्या राज्यात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे, तो कुणालाही वाचता येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' आणली. पूर्वी प्रत्येक गावाचा नियम वेगळा असायचा, तो गोंधळ पुष्कळ कमी झाला. ही नियमावली फुकट उतरवून घेता येते. मी घेतली आहे. शेकडो पानं आहेत आणि इंग्रजीत आहेत, पण आहेत.

गंमत पुढे आहे. ती वाचताना मध्येच वाक्य येतं, की अमुक गोष्ट 'राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे' असावी. म्हणजे दुसरं पुस्तक आलं. ही संहिता उघडावी तर ती म्हणते, तमुक गोष्ट अमक्या क्रमांकाच्या 'भारतीय मानका'प्रमाणे करावी. म्हणजे तिसरं पुस्तक! पहिलं पुस्तक फुकट होतं, पण दुसरं आणि तिसरं अनेक वर्षं विकत होतं. परीक्षेत प्रश्न यावा 'कपाटातल्या पुस्तकातलं उत्तर लिहा', आणि कपाटाला कुलूप असावं, किल्लीचे पैसे पडावेत, तसला हा प्रकार.

या पुस्तकांचा जन्म कसा झाला तेही सांगते. भारतीय मानक संस्था १९४७ च्या जानेवारीत, म्हणजे स्वातंत्र्याच्याही थोडी आधी स्थापन झाली. आपल्या मिक्सरवर, सिमेंटच्या पोत्यावर 'आयएसआय' छाप असतो तो तिचाच. बांधकामाचा खर्च कसा कमी करता येईल यावर साठच्या दशकात नियोजन आयोगाने विचार केला. त्यातून असं निघालं, की देशभर सरकारी-निमसरकारी खात्यांचे नियम वेगवेगळे आणि जुनाट आहेत, तेव्हा एकच नमुना संहिता असावी. ती १९७० मध्ये आली. मग १९८३, २००५ आणि २०१६ अशा तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. दरम्यान १९८६ च्या कायद्याने संस्थेचा 'भारतीय मानक ब्यूरो' झाला.

संहिता उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. देशातल्या नामांकित अभियंत्यांनी आणि वास्तुरचनाकारांनी समित्यांवर बसून ती तयार केली. ती स्वतः कायदा नव्हे, नमुना आहे. राज्याने किंवा नगरपालिकेने आपल्या नियमात तिचं नाव घेतलं की ती बंधनकारक होते. इथेच खरी गोम आहे. नमुना असेपर्यंत ते एक पुस्तक असतं, पुस्तकाला किंमत असू शकते. पण कायद्याने त्याचं बोट धरलं की ते पुस्तक राहत नाही, तो कायदा होतो. कायद्याला किंमत लावून कसं चालेल? २००५ ची संहिता १० हजार रुपयांहून महाग होती. त्या वेळी माझ्यासारख्या शिक्षिकेलाही ती विकत घेणं सुचलं नसतं, मग गावच्या मिस्त्रीची काय कथा!

हा नुसता शब्दांचा कीस आहे असं वाटेल, म्हणून शाळेचं उदाहरण देते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे एका शाळेला आग लागली. स्वयंपाकघरातून सुरू झालेली आग गवती छपराला लागली, वरच्या मजल्यावरून उतरायला वाट अपुरी. ९४ लेकरं गेली. ती बातमी वाचली तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. पुढे सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. एप्रिल २००९ मध्ये 'अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की शाळेला मान्यता देण्याआधी तिची इमारत राष्ट्रीय इमारत संहितेतल्या सुरक्षा निकषांप्रमाणे आहे की नाही ते पाहिलं पाहिजे. सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलाचा हक्क मानला गेला.

किती मोठा निकाल! पण जरा विचार करा. त्या दिवसापासून देशातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला, शाळा समितीच्या सदस्याला आणि पालकाला त्या पुस्तकाशी कर्तव्य उत्पन्न झालं, आणि ते पुस्तक मात्र हजारो रुपयांच्या किमतीच्या पलीकडे. आपल्या मुलाच्या शाळेचा जिना नियमात बसतो का हे बापाने मोजायचं कशाने?

नोकरीत असताना मीही एकदा असा प्रश्न विचारला होता. शाळेच्या नव्या खोल्या बांधायच्या होत्या आणि जिना मला अरुंद वाटत होता. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या साहेबांनी फार सौजन्याने चहा पाजला आणि म्हणाले, "ते इंजिनिअर बघतात, बाई. तुम्ही कशाला त्रास करून घेता?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण या वाक्यात दीडशे वर्षांचा कारभार बसलेला आहे. नियम आमच्याजवळ, पालन तुमच्याजवळ! 

आता किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते. गणपती बोळवून गावं निजली होती. लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात भूकंप झाला आणि सुमारे ८ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. मग एवढी माणसं का गेली? तिथली घरं जाड दगड-मातीच्या भिंतींची, वर मातीचं जड माळवद. भिंत दोन-अडीच फूट जाड दिसायची. पण आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा आणि मध्ये दगडगोटे व माती भरलेली. धरणी हलली तसे दोन्ही थर सुटून दोन बाजूंना ढासळले.

यावर उपाय ठाऊक नव्हता का? होता! रुडकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांनी साऱ्या जगासाठी या विषयावर काम केलं. अभियंत्याशिवाय बांधल्या जाणाऱ्या घरांना भूकंपात कसं तगवावं, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९८६ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने काढली होती. किल्लारीच्या वर्षीच, १९९३ मध्ये, आपलं १३८२८ क्रमांकाचं भारतीय मानक आलं – अशाच कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी. त्यातला एक नियम साध्या मराठीत सांगते: भिंतीत दर दोन फूट उंचीला एक थर असा घ्यावा, की त्यात चार-चार फुटांच्या आत एकेक दगड भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाईल. झालं, एवढंच. हा आरपार दगड दोन थरांना शिवून टाकतो. लांब दगड मिळत नसेल तर काँक्रीटचा तुकडा चालतो. आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना बांधणारा एक सलग पट्टा फिरवावा.

बघा, नियम कळायला किती सोपा आहे! तिसरी शिकलेल्या मिस्त्रीला एका वाचनात समजेल, आणि न शिकलेल्याला एकदा दाखवलं तर तो जन्मभर विसरणार नाही. पण तो होता कुठे? क्रमांक घातलेल्या, इंग्रजीतल्या, विकतच्या पुस्तिकेत.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर इतिहासाशी प्रतारणा होईल. पुस्तक फुकट असतं तर किल्लारीची घरं वाचली असती, असं मी म्हणत नाही. ती घरं कितीतरी जुनी होती, आणि त्या वेळच्या भूकंप-नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. (२००२ च्या सुधारणेत हा पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग वरच्या श्रेणीत गेला.) माझं म्हणणं त्याहून लहान आहे. ज्या ज्ञानावर माणसाचा जीव अवलंबून आहे ते ज्याच्या हातात थापी आणि ओळंबा आहे त्याच्यापर्यंत पोचलं नाही, तर ते असून नसून सारखंच.

याचा पुरावा किल्लारीनंतरच मिळाला. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी वसली, आणि बाकीच्या हजाराहून अधिक गावांत लोकांनी आपापली घरं स्वतः दुरुस्त केली. तिथे प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत आरपार दगड का हवा, पट्टा का हवा, सरकारी मदतीत काय बसतं, हे त्या घरोघर सांगत आणि मिस्त्री कमी करत असेल तर हटकत. ज्या बाईला नियम कळला ती बाई फुकटची इन्स्पेक्टर झाली! एवढे निरीक्षक कुठलं खातं नेमणार?

इकडे आपण किल्लारीतून सावरत होतो, त्याच दशकात अमेरिकेत टेक्सासमध्ये हाच प्रश्न न्यायालयाच्या दारात गेला. पीटर व्हीक नावाच्या गृहस्थाने ॲना आणि सॅव्हॉय या दोन लहान गावांची बांधकाम संहिता आपल्या संकेतस्थळावर टाकली. गावांनी ती स्वतः लिहिली नव्हती, एका खासगी संस्थेने तयार केलेली संहिता कायदा म्हणून स्वीकारली होती. त्या संस्थेने व्हीकवर दावा लावला – आमचं पुस्तक, आमचा हक्क. २००२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की ती संहिता गावाचा कायदा झाली त्या क्षणी कायदा म्हणून ती लोकांची झाली. जयपूरचा हरला आणि टेक्सासचा व्हीक यांना एकमेकांचं नावही ठाऊक नसणार, पण दोघांचं भांडण एकच.

अमेरिकेतलेच कार्ल मालामुद हे गृहस्थ तर थेट आपल्याकडे आले. कायदे आणि सरकारी दस्तऐवज लोकांना फुकट मिळावेत म्हणून त्यांनी २००७ मध्ये एक संस्था काढली. तिने सुमारे १९ हजार भारतीय मानकं मिळवून ती सर्वांसाठी खुली केली. ब्यूरोने हरकत घेतली. मग २०१५ मध्ये मालामुद यांनी श्रीनिवास कोडाली आणि सुशांत सिन्हा यांच्यासह दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. हे सिन्हा म्हणजे न्यायनिवाडे फुकट शोधता येतात त्या 'इंडियन कानून'चे कर्ते. २०१८ मध्ये मालामुद आणि सॅम पित्रोदा यांचं पुस्तक आलं, त्याचं नाव 'कोड स्वराज'. आपल्या खटाटोपाला ते मानकांचा सत्याग्रह म्हणतात. सत्याग्रह हा शब्द सेवाग्रामच्या शेजारी राहणारी माणसं उगाच वापरू देत नाहीत, पण इथे मला तो खटकला नाही. का ते पुढे सांगते.

ब्यूरोची बाजूही ऐकली पाहिजे. मानक तयार करायला तज्ज्ञ लागतात, प्रयोगशाळा लागतात, वर्षं लागतात. पुस्तकं विकून त्यातला थोडा खर्च निघत असेल तर बिघडलं काय? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण ब्यूरोचं मोठं उत्पन्न पुस्तकविक्रीचं नाही, ते वस्तूंवर छाप देण्याच्या शुल्कातून येतं. शिवाय रस्त्याचा खर्च निघावा म्हणून आपण वाहतुकीचे नियम विकत नाही.

दुसरा आक्षेप अभियंते मंडळींचा. माझ्याच एका भाच्याने तो घेतला आहे! तो म्हणतो, "मावशी, अर्धवट वाचून लोक इंजिनिअरशिवायच घरं बांधायला लागतील." अरे बाबा, लोक आत्ताही इंजिनिअरशिवायच बांधताहेत. खेड्यातलं घरकूल पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेत सर्वसाधारण भागात १ लाख २० हजारांची मदत मिळते आणि घर लाभार्थ्याने स्वतः मिस्त्री लावून उभं करायचं असतं. तिथे न वाचता बांधण्यापेक्षा थोडं वाचून बांधलेलं बरं की नाही?

काळाचा कल मात्र आपल्या बाजूने आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये अपील न्यायालयाने मालामुद यांच्या संस्थेच्या बाजूने निकाल दिला: कायद्यात घेतलेली मानकं ना-नफा तत्त्वावर लोकांपुढे ठेवणं गैर नाही. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने मुलांच्या खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांबाबत असाच कौल दिला, की ही मानकं कायद्याचा भाग आहेत, ती पाहायला मिळणं हे लोकांच्या हिताचं आहे. आपल्या ब्यूरोनेही अलीकडच्या वर्षांत नाव नोंदवून भारतीय मानकं विनामूल्य उतरवून घ्यायची सोय केली आहे. ज्यांनी हे केलं त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. कुलूप निघालं.

कुलूप निघालं, पण कपाट उघडून आत पाहावं तर पुस्तक इंग्रजी! इथे मला सेवाग्राम आठवतं.

गांधीजींच्या आयुष्यातला पहिला मोठा सत्याग्रह कशातून निघाला? २२ ऑगस्ट १९०६ च्या ट्रान्सवाल सरकारच्या राजपत्रात हिंदी लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा मसुदा छापून आला. गांधीजींनी तो वाचला आणि सगळ्यात आधी काय केलं? घराजवळच्या टेकडीवर बसून 'इंडियन ओपिनियन'साठी त्याचं गुजराती भाषांतर करायला घेतलं. सभा, शपथ, तुरुंग हे सगळं नंतरचं. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या नाट्यगृहात हजारो लोक जमले ते त्या मसुद्यात काय आहे हे त्यांना कळलं होतं म्हणून. लक्षात घ्या, राजपत्र जुलमी सरकारचं होतं, पण ते छापलेलं होतं, मिळत होतं. आणि एका माणसाने ते लोकांच्या भाषेत आणलं. या दोन्ही गोष्टी झाल्या म्हणून पुढचं घडलं. आता कळलं ना, तो शब्द मला का खटकला नाही?

हेच गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या घराची अट काय होती? खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये, सामान आसपासचं असावं, कामाला हात इथलेच असावेत. मीराबेननी त्या अटीत आदिनिवास उभा केला. कुणाला वाटेल ही साधेपणाची हौस. मला ती एक इमारत संहिता वाटते. अवघ्या तीन ओळींची, पण गावातल्या कुणालाही समजणारी, आणि ती पाळली गेली की नाही हे गुराख्यानेही सांगावं अशी. नियम कळतो तेव्हा त्याची राखण सगळं गाव करतं.

आणि १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती आणि नई तालीम आली. शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून व्हावं, हा ठराव आपल्या गावात झालेला आहे! मग मिस्त्रीच्या हाताचं शिक्षण इंग्रजी पीडीएफमधून कसं होणार?

यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा काढा आणि कलम ४ वाचा. बहुतेकांना अर्ज करून माहिती मागायची एवढंच ठाऊक असतं. पण हे कलम सांगतं, की प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपलं कामकाज ज्या नियम-विनियमांनी आणि पुस्तिकांनी चालतं त्यांचा तपशील कुणी न मागता आपणहून प्रसिद्ध करावा. आणि त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात स्थानिक भाषेचा आणि त्या भागात सगळ्यात उपयोगी पडेल अशा पद्धतीचा विचार करायला सांगितलं आहे. सूचनाफलकसुद्धा त्यात येतो. १९६४ चा राजभाषा अधिनियम तर आपल्या राज्यात आहेच.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. शेकडो पानांचं भाषांतर होईल तेव्हा होवो. तोवर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि नगरपालिकेच्या दारात एकेक मराठी पान लागावं. घरकुलासाठी: पाया किती, पट्टा कुठे, कोपऱ्यात सळई कशी, दगडी भिंत असेल तर आरपार दगड किती अंतरावर. शाळेसाठी: जिना किती रुंद, वाटा किती, दार कोणत्या बाजूला उघडतं. खाली मानकाचा क्रमांक, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने मूळ पुस्तक पाहावं. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज ग्रामसेवक आहेत, कंत्राटदार आहेत, मिस्त्री आहेत. त्यांना हे एक दुपारचं काम आहे.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते. बापूंच्या फोटोला हार घालून झाला की कुणीतरी उठावं आणि शांतपणे म्हणावं, "सरपंच साहेब, घर बांधायचे नियम मराठीत फलकावर लावा, आणि आज इथे एकदा वाचून दाखवा." ठरावाच्या वहीत हे वाक्य लिहून घ्यायला लावा. पुढच्या सभेत ती वही उघडून विचारता येतं.